लपवलेले पैसे, विसरलेल्या जागा: तुमच्याकडे काय झालं?

शिलाई_मशीन
कपाट पॉलिशला द्यायचं म्हणून काल खालचा खण पूर्ण बाहेर ओढला तर मागच्या फळीला चिकटपट्टीने लावलेलं पाकीट. आत १००० च्या सात नोटा, जुन्या, आणि वर आईच्या अक्षरात "मे महिना, शिलाई". ब्लाऊज शिवून मिळालेले पैसे आई घरखर्चात कधी मिसळत नसे. आता आई नाही, कुठला मे ते कोण सांगणार. नोटा हातात घेतल्या आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र जशीच्या तशी समोर आली. टीव्हीवर घोषणा झाली, बाबा बातम्या ऐकत बसले आणि आई उठून आत गेली. रव्याच्या डब्यातून, मशीनच्या खोक्यातून, गोधडीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून, देवाच्या आसनाखालून एकेक पुडी आणून टेबलावर ठेवत गेली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, उठून चहा टाकला त्यांनी. आम्हाला वाटलं सगळं निघालं. हे राहिलंच.
प्रत्येक घरात असं काहीतरी असणार, सापडलेलं, न सापडलेलं, वाळवीने खाल्लेलं. लिहा ना. फक्त सध्याची जागा कुणी लिहू नका, जुन्याच सांगा.

शेवटचा_बाक
ताई, वाचून गलबलून आलं. नोटा टाकू नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रद्द झालेल्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवता येतात, त्यापुढे दंड आहे. सातच आहेत, पाकिटासकट ठेवा.

पाटीलकाकू
आमच्या सासूबाईंची उतरंड. सगळ्यात खालच्या मडक्यात हरभरे आणि हरभऱ्यात पुरचुंडी. वरची सगळी मडकी उतरवल्याशिवाय हात पोचायचा नाही आणि मडक्यावर मडकं घासलं की आवाज व्हायचाच, म्हणजे कुणी हात लावला की त्यांना ओसरीवर बसल्या बसल्या कळायचं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांनी जवळ बसवून ती जागा दाखवली, मुलांना नाही दाखवली, मला दाखवली. म्हणाल्या, मी अचानक गेले तर दवाखान्याचं देणं यातून द्यायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही. तसंच केलं नंतर.

मिठू
काकू __/\__ उतरंडीचा फोटो आहे का?

पाटीलकाकू
नाही गं, मडकी फुटली गावचं घर पाडताना. एक राहिलंय, त्यात मनीप्लांट आहे.

कोकणकडा
वाळवी म्हणालात म्हणून. आमच्या भिंतीतल्या लाकडी फडताळात आजोबांनी ५०० च्या नोटांचं बंडल ठेवलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने घट्ट बांधून. पावसाळ्यानंतर काढलं तर वरून पुडकं अगदी शाबूत, सुतळी सोडली आणि आतून माती सांडली. कडेच्या नोटा अर्ध्यामुर्ध्या, मधल्यांची नुसती चाळण. आजोबांनी तुकडे जोडायला खळ काढलेली, काकाने थांबवलं ते बरं झालं. जसेच्या तसे ताटात पसरून, कोरडे करून बँकेत नेले. नियम असा आहे की ५० आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० च्या मधे असेल तर अर्धी, ४० च्या खाली काही नाही. साहेबांनी एकेक तुकडा पट्टीने मोजला, आजोबा समोर हात जोडून उभे. निम्म्याच्या आसपास पैसे परत मिळाले. फाटक्या नोटा बँकेची कुठलीही शाखा घेते, तिथे खातं असायलाच पाहिजे असं नाही. लोकांना माहीतच नसतं आणि बाहेर एजंट कमी पैशात घेतात, तिकडे जाऊ नका.

रानजाई
वाळवी लाकडाला आणि कागदाला सोडत नाही, पत्र्याची पेटी किंवा स्टीलचा डबा बरा. पण पावसाळ्यात त्यात दमटपणा धरतो. आपल्या नोटा सुती कागदाच्या, खिशात धुतल्या गेल्या तरी टिकतात पण ओल धरली की काळे ठिपके पडतात. आणि रबरबँड लावू नका, उन्हाळ्यात वितळून नोटेला असा चिकटतो की सोडवताना छपाई निघते. चांदीलाही रबर नको, गंधक असतं त्यात, काळी पडते. नथीचे मोती हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवायचे नाहीत, मलमलच्या तुकड्यात ठेवा, मोत्याला थोडा ओलावा लागतो.

मिठू
रबरबँडचं माहीत नव्हतं. पैंजणांचा काढते आत्ताच.

तिन्हीसांज
मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझी आई धुणीभांडी करायची. एका घरात आजींची पाटली हरवली. पोलीस नाही बोलावले, पण आईला बाहेर उभं करून पिशवी उपडी करायला लावली, डब्यातली भाकरीसुद्धा उलगडून बघितली. त्या जिन्यातली सगळी कामं सुटली. पाटली पावसाळा संपल्यावर तांदळाच्या पिंपात सापडली, तांदूळ तळाला गेल्यावर. आजींनी स्वतः ठेवली होती, त्यांना आठवतच नव्हतं. सूनबाई घरी सांगायला आल्या, रडल्या, आई म्हणाली बसा, पाणी घ्या. पण ज्या चार घरांना "हिने घेतली" असं कळलं होतं त्यांना "सापडली" हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मनापासून सांगते, ठेवायचं तिथे ठेवा पण घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या. वय झालं की जागा आधी विसरते, वस्तू ठेवल्याचं मात्र पक्कं आठवतं. मग संशय नेहमी बाहेरच्या माणसावर जातो.

पाटीलकाकू
तिन्हीसांज, बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

शिलाई_मशीन
काय लिहू. भाकरी उलगडून बघितली हे वाचून पोटात कालवलं. लिहिलंस ते फार बरं केलंस.

तिन्हीसांज
सांगते काकू. आई आता माझ्याकडेच असते, नातवाला शाळेत सोडायला गेलीये.

खाकी_वहिनी
माझे दीर पोलिसात होते, घरफोडीचे पंचनामे खूप केलेत त्यांनी. ते सांगतात चोराला आवरायचं नसतं हे लक्षात ठेवा. आपण विचार करतो एवढ्या साड्यांच्या खाली कोण बघेल, तो अख्खा गठ्ठा एका हाताने खाली ओढतो. गादी उलटी, देवघर रिकामं, पिठाचा डबा जमिनीवर उपडा. बेडरूममधलं कपाट पहिलं आणि त्याचा चोरकप्पा तर सगळ्यांनाच माहीत असतो. छोटी तिजोरी नुसती कपाटात ठेवली तर तो तिजोरीच उचलून नेतो, म्हणून भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट मारून पक्की करायची. आणि दारात, लिफ्टमधे, फोनवर मोठ्याने "लॉकरमधून काढून आणलंय लग्नासाठी" हे बोलायचं नाही, यावर ते फार चिडतात.

शेवटचा_बाक
अगदी. आमच्याकडे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या मजल्याला माहीत होतं.

हिशेबनीस
दागिने असतील तर प्रत्येकाचा फोटो आणि बिल एकत्र ठेवा. नवीन हॉलमार्कवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो, तो भिंगातून बघून वहीत उतरवून घ्या, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. घराचा विमा घेताना दागिन्यांचं कलम वेगळं विचारा, गृहीत धरू नका.
लॉकरचंही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज यात बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर नाही. आणि रोकड लॉकरमधे ठेवायची परवानगी नाही. नॉमिनी लावलाय का ते आजच बघा.

मिठू
सोनं घरात किती चालतं? ५०० ग्रॅम ना?

शेवटचा_बाक
हो, लग्न झालेल्या बाईला ५००, न झालेल्या मुलीला २५०, पुरुषाला १००.

हिशेबनीस
थांबा, हे अर्धवट फिरत असतं. ती ११ मे १९९४ ची आयकर खात्याची सूचना आहे, धाड पडली तर तेवढे दागिने जप्त करू नयेत एवढंच त्यात आहे. पैसे कुठून आले ते दाखवता येत असेल तर त्याहून जास्तही ठेवा, कायद्याने वरची मर्यादा नाही. पण बिलं हवीत. आजीकडून आलेलं असेल तर मृत्युपत्र, वाटणीपत्र, जुने लग्नातले फोटो सुद्धा जपा.

मिठू
आईच्या लग्नातला ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहे, मोहनमाळ स्पष्ट दिसते त्यात.

हिशेबनीस
उत्तम, त्याची कॉपी करून ठेवा.

रानजाई
बोहारणीचं कुणी लिहिलं नाही अजून. आत्याने जुन्या साड्या देऊन पातेलं घेतलं. तिसऱ्या दिवशी बोहारीण परत दारात. काठ उसवून साडीचं कापड वेगळं करताना फॉलच्या आत शिवलेल्या नोटा लागल्या तिच्या हाताला, लांबट घडी घालून, टाक्यांमधे सरळ रेषेत. ती ओट्यावर बसली, सुई मागितली आणि उरलेला फॉल आत्यासमोर उसवला, म्हणाली मोजून घ्या. आत्याच्या सासूबाईंनी शिवलेल्या त्या. आत्याने निम्म्या तिला दिल्या, ती घेईना, शेवटी एक घेतली, पोरीच्या वह्यांसाठी. अजून येते ती, आमच्याकडे दिवाळीआधी तिच्यासाठी कपडे बाजूला काढून ठेवतात.

कोकणकडा
वा. पातेलं परत मागितलं नाही ना आत्याने

रानजाई
अहो उलट दुसरं घेतलं :)

घाईत_आहे
सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. आईकडे २००० च्या तीन नोटा निघाल्यात, प्रवासाच्या बॅगेच्या अस्तरात. बँक घेत नाही म्हणते. गेल्या का त्या?

हिशेबनीस
नाही गेल्या. १९ मे २०२३ ला चलनातून मागे घेतल्या, साध्या बँकांमधे ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत घेत होते. पण नोट रद्द नाही झाली. रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत अजून जमा होतात, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. जायला जमत नसेल तर कुठल्याही पोस्टातून पाठवता येतात, पैसे खात्यात येतात. फॉर्म, ओळखपत्र आणि खात्याचा पुरावा लागतो.

घाईत_आहे
खूप आभार!! आई पोस्टाने पाठवायला तयार नाही, स्वतः जाणार म्हणते. नागपूरला मावशी आहे, तिच्याकडे राहायला मिळेल हे खरं कारण. कुकर झाला, येते.