बॅकहो गरम झाला की रिव्हर्स घेत नाही, फॉरवर्ड मात्र चारही गिअरला ठीक

जतचा_ऑपरेटर

नमस्कार मंडळी. माझा स्वतःचा बॅकहो लोडर आहे (लोक जेसीबी म्हणतात तसली मशीन, पुढे एक आणि मागे एक बकेट), २०१४ चं मॉडेल, मीटरवर ९,६०० तास. मालक मीच आणि ऑपरेटरही मीच.

तीन आठवड्यांपासून रिव्हर्सचा त्रास सुरू आहे. सकाळी मशीन थंड असताना रिव्हर्स लगेच लागतो. दीड-दोन तास काम झालं की लिव्हर मागे ओढल्यावर तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग एकदम धक्का बसून मशीन मागे येते. दुपारपर्यंत तेही बंद. लिव्हर रिव्हर्सला, मागचा बझर वाजतोय, इंजिनचा आवाज वाढतोय, पण कुठल्याही गिअरला मशीन जागची हलत नाही. फॉरवर्डला तक्रार नाही, चढावरसुद्धा भरलेली बकेट घेऊन जाते. तासभर सावलीत उभी केली की रिव्हर्स पुन्हा येतो.

परवा उमदीच्या पुढे एका डाळिंबवाल्याच्या शेततळ्यात उतरलो होतो, ३० बाय ३० मीटरचं तळं. तळाला मुरूम गोळा करत भिंतीपर्यंत गेलो आणि रिव्हर्स गेला. तोंड भिंतीला, मागे सगळी मोकळी जागा आणि मागेच जाता येईना. शेवटी गिअर न्यूट्रल केला, पार्किंग ब्रेक सोडला, पुढची बकेट वीतभर उचलली, सीट फिरवून मागे बसलो. मागची बकेट लांब टाकून दात जमिनीत रोवायचे आणि दांडा जवळ ओढायचा. मशीन दोन-अडीच फूट मागे सरकायची. पुन्हा सीट फिरवून स्टिअरिंग सरळ करायचं, पुन्हा मागे बसायचं. उतारापर्यंत यायला पावणेदोन तास लागले. शेतकरी बिचारा बांधावर उभा राहून बघत होता. त्याला मृगाच्या आत तळं पुरं करून कागद अंथरायचाय, आणि मी शब्द दिलाय.

ऑइलची पातळी डिपस्टिकवर बरोबर आहे. रंग काळपट वाटतो, वासही जरा जळका. इथल्या गॅरेजवाल्याने मशीन चालवून पाहिली आणि म्हणाला, गिअरबॉक्स उतरवू, टॉर्क कन्व्हर्टर, पंप, दोन्ही क्लच सगळं नवीन टाकू, १ लाख ४० हजार. एवढे पैसे आत्ता नाहीत, आणि नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय घालवायचेही नाहीत. कुणाला असा अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

घाटावरचा_मिस्त्री

दादा, उतरवू नका अजून. फॉरवर्ड नीट चालतंय यातच अर्धं निदान आहे.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग), चार्ज पंप (गिअरबॉक्सचं ऑइल दाबाने पाठवणारा), सक्शनची जाळी आणि पुढचा चार गिअरचा डबा, हे सगळं फॉरवर्ड-रिव्हर्सला एकच असतं. त्यातलं काही गेलं असतं तर फॉरवर्डही रडलं असतं. पार्किंग ब्रेकचा स्विच आणि ड्राइव्ह तोडायचं बटण यांचंही तेच, त्यांनी दोन्ही दिशा बंद पडतात. एखाद्याच गिअरला रिव्हर्स नसता तर गिअरच्या डब्याकडे बघितलं असतं. तुमचा चारही गिअरला बंद पडतो. म्हणजे फक्त रिव्हर्सच्या वाट्याला जे येतं तेवढंच तपासायचं: लिव्हरमधला स्विच, तिथून सोलेनॉइडपर्यंतची वायर (सोलेनॉइड म्हणजे करंट मिळाला की ऑइलचा व्हॉल्व्ह सरकवणारा भाग), त्याची कॉइल, व्हॉल्व्ह आणि रिव्हर्सचा क्लच पॅक, म्हणजे ऑइलच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जाणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा. बझर वाजतोय म्हणजे बहुतेक स्विच करंट देतोय. पुढची वायर आणि कॉइल अजून संशयात आहेत, कारण गरम झाल्यावर आतून तुटणारी कॉइल मी बऱ्याच वेळा पाहिली आहे.

आता मशीन चांगली गरम करा, रिव्हर्स जाईपर्यंत. दोन्ही बकेट जमिनीला टेकवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद. गिअरबॉक्सवर दोन सोलेनॉइड शेजारी दिसतील. चावी ऑन करून लिव्हर रिव्हर्सला टाकायला दुसऱ्याला सांगा आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या कॉइलच्या नटाजवळ धरा. करंट पोचत असेल तर टोक ओढलं जातं. काही मशीनमध्ये पार्किंग ब्रेक लावलेला असला की तिथवर करंट जातच नाही, तिथे ब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळ्यांचं आधी सांगितलं. माणूस मशीनखाली असताना इंजिन चालू करायचं नाही, कितीही घाई असो. माझ्या ओळखीतला एक पोरगा असाच गेला.

त्यानंतर दोन्ही कॉइलचे कनेक्टर आपसात बदला. आता लिव्हर पुढे ढकलला की मशीन मागे जाईल आणि मागे ओढला की पुढे जाईल. मोकळं रान बघा आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. लिव्हर फॉरवर्डला टाकल्यावर मशीन झकास मागे आली, तर दोष रिव्हर्सच्या वायरीत. तरीही मागे येत नसेल तर वायर निर्दोष. मग नट काढून नुसत्या कॉइल बदला आणि पुन्हा बघा. एवढं करून दोष रिव्हर्सलाच चिकटून राहिला तर काम ऑइलच्या बाजूचं आहे.

तिथे गेज लावल्याशिवाय बोलू नका आणि कुणाला बोलू देऊ नका. गिअरबॉक्सवर टेस्ट पोर्ट, म्हणजे गेज लावायच्या जागा असतात. ४० बारचा गेज लावून मेन, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, तिन्ही प्रेशर थंड आणि गरम असताना घ्या. तिन्ही कमी आले तर पंप, जाळी नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा). रिव्हर्सचं एकट्याचं पडत असेल तर त्या वाटेवर कुठेतरी ऑइल निसटतंय. प्रेशर पुरेसं असूनही ओढत नसेल तर प्लेटा संपल्या.

बकेट_आणि_बूम

मिस्त्रींनी बरोबर सांगितलंय. त्यात एक भर घालतो. दादा, टिपर भरायचं काम जास्त करता का? लोडिंगला मशीन पुढे पळत असतानाच, ब्रेक न मारता, ॲक्सिलेटर दाबलेला ठेवून आपण लिव्हर मागे ओढतो. त्या क्षणी रिव्हर्सचा क्लच आठ टनांची मशीन थांबवतो आणि मग उलटी ओढतो. दिवसाला दोन-तीनशे वेळा. मी खडी क्रशरवर होतो तेव्हा आमच्या दोन्ही मशीनचे रिव्हर्सच आधी गेले. फॉरवर्डच्या प्लेटा काढल्या तेव्हा बऱ्यापैकी नव्या दिसत होत्या.

जतचा_ऑपरेटर

मिस्त्री, मनापासून आभार. काल दिवसभर हेच केलं. चुलतभावाला लिव्हरवर बसवलं.

गरम मशीनला स्क्रूड्रायव्हर ओढला जातोय, चांगला खटकन. मीटरने कॉइल मोजल्या, फॉरवर्डची ७.८ ओहम, रिव्हर्सची ७.९, गरम असतानाच. कनेक्टर बदलून पाहिले, दोष रिव्हर्सलाच. कॉइल बदलून पाहिल्या, तरी तिथेच. मग सांगलीहून गेज मागवून आणला. थंड असताना फॉरवर्ड १४ बार, रिव्हर्स १२. गरम झाल्यावर फॉरवर्ड १३ आणि रिव्हर्स ६. अजून एक दिसलं: गरम असताना लिव्हर रिव्हर्सला टाकला की मेन प्रेशरसुद्धा खाली येतं, न्यूट्रलला आणला की परत वर.

आणि हो, मागची दोन वर्षं मुरुमाचे टिपर भरण्याचंच काम जास्त आहे. लिव्हर तसाच ओढतो मी, बकेट भरून अंगावर आली की लगेच मागे. कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

घाटावरचा_मिस्त्री

मेन प्रेशर खाली येतंय म्हणजे रिव्हर्सच्या वाटेला गळती आहे. थंड ऑइल जाड असतं तोवर फटीतून कमी निसटतं, पातळ झालं की धो धो. व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारी दांडी) काढून बघा, चरे नसतील तर शाफ्टवरच्या सील रिंगा आणि पिस्टनचा सील. आता गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण कन्व्हर्टर आणि पंपाला हात लावू देऊ नका. फॉरवर्ड १३ बार धरतंय, मग पंपाचा काय गुन्हा? गॅरेजवाल्याला हे आकडे कागदावर लिहून द्या.

पोकलेनवाला_नाना

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या २० टनी पोकलेनची डावी चेन रिव्हर्सला दबते, म्हणजे कमी ओढते, पुढे जाताना सरळ जाते. तिथेही असंच अदलाबदल करता येतं का?

घाटावरचा_मिस्त्री

करता येतं, नाना. पण आधी स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागे आहे ना ते बघा, वरचा भाग उलटा फिरलेला असला की पुढचं-मागचं आणि डावं-उजवं दोन्ही बदलतं, आणि गोंधळ होतो. मग प्रेशर पूर्ण उतरवून सेंटर जॉइंटच्या (वरच्या फिरत्या भागातून खाली ऑइल नेणारा जोड) वरच्या बाजूला डाव्या-उजव्या मोटरचे पाइप आपसात बदला. दोष उजव्या चेनला गेला तर वरचा व्हॉल्व्ह किंवा पायलट लाइन (लिव्हरपासून त्या व्हॉल्व्हपर्यंतचा बारीक ऑइलचा पाइप). डावीकडेच राहिला तर सेंटर जॉइंटचे सील नाहीतर मोटरमधला रिलीफ. फोटो टाकून वेगळा धागा काढा, इथे दादांचं काम अर्धवट आहे.

जतचा_ऑपरेटर

नऊ दिवसांनी लिहितोय. मशीन कालपासून कामावर आहे.

स्पूल गुळगुळीत निघाला. डबा उतरवला. मी स्वतः शेजारी बसून होतो. शाफ्टवरच्या सील रिंगांपैकी एक तुटलेली, तिचा नखाएवढा तुकडा खाचेतच अडकून बसला होता. पिस्टनचा सील इतका कडक झालेला की नखाने दाबला तर वळ उठेना. रिव्हर्सच्या घर्षणाच्या प्लेटा काळ्या ठिक्कर, बोटाने चोळलं की पापुद्रा हातात यायचा, आणि मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. फॉरवर्डच्या प्लेटा बाजूला ठेवल्या तेव्हा बदामी रंग तसाच होता. गॅरेजवाला स्वतःच म्हणाला, या परत बसवू.

सील किट, रिव्हर्सचा प्लेट सेट, फिल्टर, ऑइल, मजुरी सगळं धरून ३८ हजार झाले. आज गरम मशीनवर गेज लावला, रिव्हर्स १३.५. दुपारी दीड वाजता, उन्हात, लिव्हर ओढला की लगेच मागे येते. आता आधी ब्रेक, रेस खाली, मग लिव्हर असं करतोय. फेरीला दोन-तीन सेकंद जास्त जातात, टिपरवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे. शेततळ्याची तिसरी बाजू उद्या धरतो.

घाटावरचा_मिस्त्री

वाचून बरं वाटलं दादा. एकच विचारायचं राहिलं. ऑइल कूलर आणि त्याचे पाइप धुतले का? प्लेटांचा जळका भुगा तिथे जाऊन बसतो आणि नव्या ऑइलबरोबर परत डब्यात येतो.

जतचा_ऑपरेटर

नाही धुतले. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उद्या तळ्यावर जाण्याआधी कूलर उतरवतो, डिझेलने धुऊन हवा मारतो. पाइपही.

घाटावरचा_मिस्त्री

हवा उलट्या दिशेने मारा, ऑइल जिथून बाहेर पडतं तिथून. पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. आणि ५० तासांनी फिल्टर पुन्हा बदला, जुना कापून आत काय आहे त्याचा फोटो इथे टाका.