नवपात्र शिक्षकांनी परदेशातील अध्यापन परवान्याची सुरुवात कोठून करावी?

नवशिक्षिका

नमस्कार. गणित विषयातील पदवीनंतर मी बी.एड. पूर्ण केले असून माध्यमिक वर्गांना शिकवण्यास पात्र ठरले आहे. पूर्ण वेळ नोकरीचा अनुभव मात्र अद्याप नाही. सराव पाठ आणि शाळेतील आंतरवासिता एवढीच काय ती शिदोरी. येत्या वर्ष-दीड वर्षात परदेशात जाऊन शिकवावे असा विचार आहे आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व कॅनडा हे तीन देश डोळ्यांसमोर आहेत.

माहिती गोळा करू लागले तसा गोंधळ वाढतच गेला. एक सल्लागार म्हणतात की स्थलांतरासाठीचे मूल्यांकन झाले म्हणजे परवाना मिळाल्यातच जमा आहे. दुसरे म्हणतात की आधी तिथे पोहोचा, परवान्याचे नंतर पाहता येईल. ज्यांनी ही प्रक्रिया पार पाडली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांनी कृपया सांगावे: व्हिसासाठीचे मूल्यांकन आणि अध्यापनाचा परवाना या एकच गोष्टी आहेत का, अनुभव नसताना अर्ज करण्यात अर्थ आहे का, आणि मायदेश सोडण्यापूर्वी कोणती कागदपत्रे हाताशी असायलाच हवीत?

फळा आणि खडू

आपल्या दोन्ही सल्लागारांचे म्हणणे अपुरे आहे आणि त्यांतील पहिल्याचे तर नुकसान करणारे आहे. परदेशात शिक्षक म्हणून उभे राहण्यासाठी तीन निरनिराळ्या ठिकाणांहून होकार लागतो: देशात राहून काम करू देणारा इमिग्रेशन विभाग, वर्गात शिकवण्याचा परवाना देणारी नोंदणी संस्था आणि प्रत्यक्ष नेमणूक करणारी शाळा. यांपैकी एकाने होकार दिला म्हणून दुसरा तो देण्यास बांधील नसतो.

हा भेद ऑस्ट्रेलियात फार ठळकपणे दिसतो. कुशल स्थलांतराच्या व्हिसासाठी शालेय शिक्षकांच्या पात्रतेचे मूल्यांकन 'ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट फॉर टीचिंग अँड स्कूल लीडरशिप', म्हणजे एआयटीएसएल, ही संस्था करते. तिच्या अटींमध्ये उच्च शिक्षणाची एकूण चार वर्षे, त्यांत शिक्षक प्रशिक्षणाचे किमान एक वर्ष, आणि ज्या वयोगटासाठी अर्ज आहे त्याच वयोगटाच्या वर्गांवर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले किमान ४५ दिवसांचे सराव अध्यापन यांचा समावेश होतो. ज्यांचे शिक्षण काही ठरावीक इंग्रजीभाषक देशांत झालेले नाही त्यांना आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या चाचणीच्या ॲकॅडेमिक परीक्षेत वाचन व लेखनात ७ आणि ऐकणे व बोलणे यांत ८ गुण मिळवावे लागतात. चांगली इंग्रजी असलेले उमेदवारही या ८ गुणांपाशी अडतात, म्हणून ही तयारी सर्वांत आधी सुरू करावी असे माझे मत आहे.

हे सगळे जमले आणि एआयटीएसएलचे अनुकूल पत्र हातात आले, तरी त्या पत्राच्या बळावर शाळेत एक तासही घेता येत नाही. परवाना राज्याकडून मिळतो: न्यू साउथ वेल्समध्ये 'नेसा', व्हिक्टोरियात 'व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंग', क्वीन्सलंडमध्ये 'क्वीन्सलंड कॉलेज ऑफ टीचर्स', आणि याच रीतीने इतर राज्यांतही वेगवेगळ्या संस्था. तिथे अर्ज पुन्हा करावा लागतो, शुल्क पुन्हा भरावे लागते आणि चारित्र्य पडताळणीही होते. नवशिक्षकाला सहसा आधी तात्पुरती नोंदणी मिळते व वर्गातील कामाचा पुरावा सादर केल्यावर ती पूर्ण होते. एका राज्यात नोंदणी झाली की १९९२ च्या परस्पर मान्यता कायद्यामुळे दुसऱ्या राज्यात जाणे सोपे होते, आणि १९९७ च्या ट्रान्स-टास्मन कायद्यामुळे हीच सोय न्यूझीलंडमध्ये नोंदणी झालेल्या शिक्षकांनाही मिळते.

आपल्या दृष्टीने यातील कळीचा मुद्दा ते ४५ दिवस हाच आहे. गुणपत्रिकेवर सराव अध्यापनाचे गुण असतात, दिवस नसतात. म्हणून महाविद्यालयातील प्राध्यापक मंडळी आपल्याला ओळखतात तोवरच एक पत्र घेऊन ठेवावे, ज्यात शाळा, इयत्ता, विषय, तारखा, एकूण दिवस आणि मार्गदर्शन कोणी केले हे सर्व महाविद्यालयाच्या अधिकृत कागदावर, सही-शिक्क्यासह लिहिलेले असेल. हे काम पाच वर्षांनी करायला गेले तर प्राचार्य बदललेले असतात आणि नोंदवह्या कोठे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही.

सातासमुद्रापलीकडे

इंग्लंडविषयी लिहितो, कारण मी तिथेच माध्यमिक शाळेत शिकवतो. तेथील पात्रतेला 'क्वालिफाइड टीचर स्टेटस', बोलताना क्यूटीएस, म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये थेट अर्जाची वाट अनेक नव्या देशांच्या शिक्षकांसाठी खुली झाली. त्यांत भारत, घाना, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे हे देश होते. मात्र या देशांतील अर्जदारांसाठी ही वाट ११ ते १६ या वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याचे प्रशिक्षण असणाऱ्यांपुरतीच ठेवण्यात आली. आपला विषय गणित असल्यामुळे इथे आपण सुदैवी आहात. इतिहासाच्या शिक्षकाला हाच अर्ज या मार्गाने करता आला नसता.

अडचण अनुभवाची आहे. पात्र ठरल्यानंतर किमान एक शालेय वर्ष शिकवलेले असावे, ही या अर्जाची अट आहे आणि आंतरवासितेचा काळ त्यात धरला जात नाही, कारण तो पात्र ठरण्यापूर्वीचा असतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: एक पूर्ण शालेय वर्ष जिथे आहात तिथेच नोकरी करा, शक्यतो त्याच वयोगटाला आणि त्याच विषयात, आणि नियुक्तीपत्र, वेतनाच्या पावत्या व अनुभवाचे प्रमाणपत्र जपून ठेवा. केवळ तासिका तत्त्वावरच्या अधूनमधूनच्या कामावर विसंबू नका. क्यूटीएसच्या अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे शुल्काच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या स्वतःच्या सेवेचे आहेत हे समजून असावे.

दोन वर्षांहून कमी अनुभवावर क्यूटीएस मिळाले तर इंग्लंडमध्ये 'इंडक्शन', म्हणजे नवशिक्षकाचा मार्गदर्शनाखालील सुरुवातीचा टप्पा, पूर्ण करावे लागते. सप्टेंबर २०२१ पासून ते दोन वर्षांचे आहे. पहिल्या वर्षी तासिकांमध्ये १० टक्के व दुसऱ्या वर्षी ५ टक्के सवलत मिळते आणि मार्गदर्शक शिक्षक नेमला जातो. अनेकांना हे ओझे वाटते. मला मात्र नव्या माणसासाठी ही त्या देशातील सर्वांत चांगली सोय वाटते, कारण वर्गातील शिस्तीच्या पद्धती आणि मूल्यमापनाची परिभाषा शिकायला तेवढा काळ लागतोच.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: हे सर्व इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये 'जनरल टीचिंग काउन्सिल फॉर स्कॉटलंड'कडे आणि वेल्समध्ये 'एज्युकेशन वर्कफोर्स काउन्सिल'कडे स्वतंत्र नोंदणी लागते.

ओंटारियोकर

'एक वर्ष थांबा' हा सल्ला इंग्लंडसाठी योग्य असला, तरी तो सरसकट सर्व देशांना लावू नये असे मला वाटते. आधीच्या प्रतिसादात ऑस्ट्रेलियाच्या ज्या अटी दिल्या आहेत त्यांत नोकरीच्या अनुभवाची अट नाही. कॅनडातही परवान्यासाठी मुख्यतः प्रशिक्षण पाहिले जाते. जिथे नियम अनुभव मागतच नाही, तिथे केवळ कोणी म्हणाले म्हणून वर्ष घालवणे योग्य नव्हे. उलट, ज्यांना 'जे-१' विनिमय व्हिसावर अमेरिकेत शिकवायचे आहे त्यांना सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यांनी थांबलेच पाहिजे. तेव्हा आधी देश नक्की करा, मग थांबायचे की नाही ते ठरवा.

कॅनडाविषयी पहिली गोष्ट ही की तिथे संपूर्ण देशासाठी एक परवाना नाही. १८६७ च्या संविधान कायद्यानुसार शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, म्हणून ओंटारियोत 'ओंटारियो कॉलेज ऑफ टीचर्स' परवाना देते, तर ब्रिटिश कोलंबिया आणि आल्बर्टा येथे प्रांतिक सरकारचे शिक्षण खाते देते. ओंटारियोने सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडील शिक्षक प्रशिक्षण चार सत्रांचे केले आणि त्यात वर्गातील सरावाचे किमान ८० दिवस ठेवले. बाहेरून आलेल्या अर्जदाराचे प्रशिक्षण या मापाने जोखले जाते, त्यामुळे दोन वर्षांचे बी.एड. असणाऱ्याची बाजू जुन्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमापेक्षा भक्कम ठरते. काही कमी आढळल्यास ती भरून काढण्यासाठी अतिरिक्त अभ्यासक्रम सुचवले जातात.

खरा वेळ जातो तो कागदपत्रांत. गुणपत्रिका अर्जदाराने स्वतः पाठवून चालत नाही. ती विद्यापीठाने थेट परवाना संस्थेकडे पाठवावी लागते. अर्जदाराच्या हातून गेलेले पाकीट, मग ते सीलबंद का असेना, काही ठिकाणी स्वीकारले जात नाही. विद्यापीठात ही प्रक्रिया कोणत्या विभागाकडे आहे, तिथे अर्ज कसा करायचा आणि पाठवल्याचा पुरावा कसा मिळतो, हे आजच विचारून ठेवा. त्याचबरोबर, आपण जिथे शिक्षक म्हणून नोंदलेले आहात तेथील अधिकाऱ्यांकडून आपल्यावर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नाही असे पत्र मागितले जाते. ज्या देशांत शिक्षकांची मध्यवर्ती नोंदणीच नसते तेथील अर्जदारांची इथे पंचाईत होते. अशा वेळी हे पत्र कोणाचे चालेल, हे परवाना संस्थेलाच लेखी विचारावे आणि आलेले उत्तर अर्जासोबत जोडावे. सल्लागाराचे तोंडी आश्वासन पुढे कोणीच ग्राह्य धरत नाही.

नावाच्या बाबतीतही सावध राहा. पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि भाषा परीक्षेचा निकाल यांवरील नाव अक्षराअक्षराने जुळले पाहिजे. बदल झाला असेल तर त्याचा अधिकृत पुरावा आधीच तयार ठेवावा. कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाविषयी एवढेच की १९६१ च्या हेग करारातील 'अपोस्टिल' पद्धत (एका देशाने कागदपत्रावर दिलेले प्रमाणपत्र करारातील इतर देशांनी मान्य करण्याची) कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाली आहे, त्यामुळे त्याआधीचे अनुभव वाचताना ही तारीख लक्षात ठेवावी.

नवशिक्षिका

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. सराव अध्यापनाच्या दिवसांचे पत्र मागण्यासाठी या आठवड्यातच महाविद्यालयात अर्ज देते. इंग्लंडकडे माझा कल अधिक आहे, म्हणून आणखी एक शंका विचारते. तेथील काही शाळा क्यूटीएस नसतानाही परदेशी शिक्षकांना घेतात असे ऐकले. हे खरे असेल, तर इथे वर्षभर नोकरी करण्याऐवजी थेट तिथेच नोकरी धरून नंतर क्यूटीएस मिळवणे शहाणपणाचे ठरेल का? की तिथे जाऊन प्रशिक्षणाचे आणखी एक वर्ष करावे?

सातासमुद्रापलीकडे

ऐकलेले खरे आहे, पण त्यातील बारकावे पाहा. परदेशात प्रशिक्षण झालेल्या शिक्षकाला तेथील सरकारी शाळेत क्यूटीएसशिवाय जास्तीत जास्त चार वर्षे शिकवता येते, आणि खाजगी शाळांवर तर क्यूटीएसधारकच घेण्याचे कायदेशीर बंधन नाही. मात्र सरकारी शाळेत अशा शिक्षकाला क्यूटीएस नसलेल्यांची स्वतंत्र व कमी वेतनश्रेणी लागू होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, क्यूटीएस नसताना केलेला काळ इंडक्शनमध्ये धरला जात नाही. म्हणजे दोन वर्षे शिकवून क्यूटीएस मिळवले, तरी तोवरच्या कामातून इंडक्शनचा एक दिवसही पूर्ण झालेला नसतो. शिवाय व्हिसा देण्यासाठी शाळेने प्रायोजक व्हावे लागते, आणि दोन गणित शिक्षकांपैकी एकाकडे क्यूटीएस असेल तर शाळा बहुधा त्यालाच निवडते.

या चार वर्षांच्या आत क्यूटीएस मिळवण्याचा एक मार्ग 'असेसमेंट ओन्ली' हा आहे. त्यात नव्याने प्रशिक्षण न घेता, प्रत्यक्ष वर्गातील कामाच्या मूल्यमापनावर क्यूटीएस मिळते. पण त्यासाठी किमान दोन शाळांत शिकवलेले असावे लागते, म्हणून तो अगदी नवख्या शिक्षकाच्या कामाचा नाही.

तिथे प्रशिक्षणाचे वर्ष करण्याला माझा विरोध नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे शुल्क परवडत असेल तर त्यात शाळांशी ओळखी होतात आणि मुलाखतीत स्थानिक अनुभव सांगता येतो. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमातून क्यूटीएस मिळते की नुसते पीजीसीई, हे लेखी खात्री करून घ्या. पीजीसीई ही शैक्षणिक पात्रता आहे, परवाना नव्हे, आणि क्यूटीएसशिवायचे पीजीसीई अभ्यासक्रमही चालतात. आपल्या परिस्थितीत, मिळत असेल तर एक वर्षाची नोकरी करून थेट अर्ज करणे हाच कमी खर्चाचा मार्ग आहे.

फळा आणि खडू

वरच्याशी सहमत. फक्त वेळापत्रकाचे एक सांगतो, कारण वर्षभर थांबायचे ठरले तर ते उपयोगी पडेल. सराव अध्यापनाचे पत्र आणि विद्यापीठाची गुणपत्रिका ही न बदलणारी कागदपत्रे आहेत, ती आताच करून ठेवा. आयईएलटीएसचा निकाल साधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो, म्हणून ती परीक्षा वर्षाच्या उत्तरार्धात द्या. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र सर्वांत शेवटी काढा, कारण ते अलीकडचे असावे अशी अपेक्षा असते, आणि ज्या ज्या देशांत आपले दीर्घ वास्तव्य झाले असेल त्या प्रत्येक देशाचे ते लागू शकते.

आणि इंग्लंडच्या खाजगी शाळेची मुलाखत आली, तर शाळा इंडक्शन देते का, असे सुरुवातीलाच विचारा. खाजगी शाळांना ते देता येते, पण देण्याचे बंधन नाही.