मदत हवी आहे: माळावर गाजर गवत, आणि त्यातच स्टायलो (शेंगवर्गीय चारा) पेरलंय

मंडळी, पारनेर तालुक्यात आमचा तीन एकर माळ आहे, निव्वळ चराईचा. गवत म्हणजे पवना, थोडा मारवेल, बाकी कुसळी. दोन गाई आणि अकरा शेळ्या त्यावरच जगतात. दोन वर्षांपूर्वी वाटेवर मुरूम टाकला, त्यातूनच गाजर गवत आलं असावं. पहिली रोपं त्या ढिगाच्या कडेलाच दिसली. मी म्हटलं, चार-दोन तर आहेत. आता वाटेपासून विहिरीपर्यंत पांढरंधोप. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, आजूबाजूचं गवत तेवढं खातात, म्हणजे त्याला जागा आम्हीच करून देतोय. उन्हाळ्यात चारा संपला तेव्हा एका गाईनं खाल्लं, तर दूध इतकं कडू की चहा मोरीत ओतला.

आई दरवर्षी नुसत्या हातानं उपटायची. यंदा कोपरापर्यंत चट्टे उठले, पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी तिला त्याच्या जवळही जायचं नाही म्हणून बजावलंय.

दुकानदार म्हणतो २,४-डी तणनाशक मारा, गवताला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं जळतं. पण गेल्या पावसाळ्यात पाऊण एकरात स्टायलो पेरलंय, तेही रुंद पानाचंच. शिवाय खाली चुलतभावाचे टोमॅटो. ग्लायफोसेट तणनाशक सगळंच जाळतं, ते मारलं तर पवनाही जाईल. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे कुणी रानात सोडलेत का, त्यानं फरक पडला का?

प्रतिसाद १
टोमॅटो शेजारी असताना २,४-डी नकोच. वाऱ्यावर जरा उडालं तरी पानं वळतात, मग भावकीत बोलणं बंद. पाऊस पडून गेला की ओल असताना मुळासकट उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. वरून कापलं तर पुन्हा फुटतं. फुलायच्या आधीचं खड्ड्यात टाका, कंपोस्ट होतं. बी धरलेलं मात्र जागच्या जागी पोत्यात भरा. एका झाडाला हजारोंनी बी असतं, ओढत नेलंत की पेरणीच झाली.

प्रतिसाद २
भुंगेरे सोडलेत आम्ही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून मिळतात, आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पावसाळ्यातच खातात, नंतर मातीत जाऊन बसतात. पहिल्या वर्षी पैसे, माफ करा, भुंगेरे पाण्यात गेले असं वाटतं. तिसऱ्या वर्षी पानांची चाळण दिसली. वाटेच्या कडेला तरोटा (टाकळा) वाढू द्या, तो गाजर गवताला दाबतो. माळावर नको, तो जनावरं खात नाहीत.

धागाकर्ता
आभार. उपटलेल्या जागी मारवेलचे ठोंब आत्ताच लावू का?

प्रतिसाद २
आत्ताच, पाऊस आहे तोवर. रिकामी जागा ठेवलीत तर तेच परत उगवणार. तेवढ्या तुकड्यात दिवाळीपर्यंत शेळ्या सोडू नका.

धागाकर्ता
शेळ्या कुठल्या ऐकतायत! उद्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या तोडून आणतो.