बुडालेल्या बँकेच्या शेअरवर वरून आणखी पैसे भरावे लागतात का?

दांडियाबाजारकर, बडोदा: बाबांनी ९८ साली घरासाठी इथल्या एका सहकारी बँकेतून दोन लाखांचं कर्ज काढलं, तेव्हा अडीच टक्क्यांनी पाच हजारांचे शेअर घ्यावेच लागले. पुढे ती बँक बुडाली, एफडी विम्यातून मिळाली पण शेअर गेले, सर्टिफिकेट अजून पत्र्याच्या पेटीत आहे, घडीवर फाटलेलं. परवा लॉ शिकणारी माझी मुलगी जेवताना म्हणाली की अमेरिकेत ऑरेगॉन राज्याच्या घटनेतच होतं, बँक बुडाली की शेअरवाल्याने अजून तेवढेच पैसे भरायचे. बाबा ८१ वर्षांचे, रात्रभर जागेच. आपल्याकडे असं काही नाही ना?

रावपुरा_७०: नाही हो. आपली जबाबदारी शेअरच्या रकमेपुरतीच, ती भरलेली आहे, विषय संपला. बाबांना आत्ताच्या आत्ता सांगा.

कोठीवाली: मुलगी बरोबर बोलतेय. १९१२ ला तिथल्या लोकांनी मतदानाने घटनादुरुस्ती केली, म्हणजे १०० डॉलरचा शेअर असेल तर ते १०० जाणारच आणि वरून अजून १०० पर्यंत ठेवीदारांसाठी द्यायचे, मात्र ज्याने त्याने आपल्या वाट्याचे, शेजाऱ्याचे नाही. मग १९३३ ला तिकडे ठेव विमा आला आणि १९४४ ला ऑरेगॉनने घटना परत बदलली, बँकेने ठेवीदारांसाठी तेवढीच सुरक्षा विम्यातून किंवा दुसरीकडून दिली असेल तर शेअरवाला मोकळा. आपल्याकडे ठेव विमा १९६२ पासून आहे, तेव्हा १५०० रुपये, आता फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख.

मांडवीचा_भाचा: मला तर १९१२ चा नियम पटतो. खिशाला चटका बसणार म्हटल्यावर शेअरवाला सर्वसाधारण सभेत नुसता चहा-वेफर खाऊन परत येणार नाही, कर्ज कोणाला दिलं ते विचारेल.

कोठीवाली: भाचे, मोठ्या शेअरवाल्यांपुरतं ठीक आहे. पण काकांनी शेअर हौसेने घेतले का? कर्ज हवं म्हणून घेतले, बँक कोण चालवतंय ते त्यांच्या हातात कधी होतं? अशा माणसाकडून परत पाच हजार मागायचे म्हणजे अन्यायच.

दांडियाबाजारकर, बडोदा: ताई, बाबांना सगळं वाचून दाखवलं. दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग सर्टिफिकेट काढून चिकटपट्टीने नीट जोडलं आणि परत पेटीत ठेवलं.