मानेत नस दबलीय: कॉलर, ट्रॅक्शन, इंजेक्शन की ऑपरेशन?

प्रश्न
एमआरआयमध्ये सी-६ आणि सी-७ मणक्यांमधली गादी उजवीकडे सरकून नस दाबतेय असं आलंय. मानेपासून दंडाच्या मागून मधल्या बोटापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. मान वर करून उजवीकडे वळवली की वाढतं. तीन आठवडे झाले. एक डॉक्टर कॉलर आणि गोळ्या म्हणतात, दुसरे थेट इंजेक्शन. आधी काय करावं, आणि किती थांबणं सुरक्षित?

प्रतिसाद १
लक्षणं सी-७ नसेचीच आहेत, म्हणजे या दोन मणक्यांमधून निघणाऱ्या नसेची. कळ किती आहे यापेक्षा ताकद किती उरलीय ते आधी बघा. एका तळव्याने भिंत ढकला, मग दुसऱ्याने. उजवं कोपर लवकर ढिलं पडत असेल तर दंडाच्या मागचा स्नायू कमजोर झालाय, आणि ते डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.

ताकद शाबूत असेल तर घाई नको. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, कारण नसेभोवतीची सूज ओसरते आणि गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याचदा आपोआप आक्रसतो.

नेप्रोक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी जेवणानंतर घ्यायची. किडनीचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारून. गॅबापेंटिन या नसेच्या कळेवरच्या औषधाने गुंगी येते, म्हणून ते रात्री कमी डोसपासून सुरू करतात आणि एकदम बंद करत नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला आणि मधुमेह असेल, तर साखर रोज तपासा.

कॉलर मऊच हवी, आठवडा-दोन आठवडेच. जास्त दिवस लावली की मानेचे स्नायू आळशी होतात.

प्रतिसाद २
ट्रॅक्शनबद्दल, म्हणजे वजन लावून मान ताणण्याबद्दल, कारण घरी हेच सर्वांत जास्त चुकतं. दाराला अडकवायचं यंत्र असेल तर तोंड दाराकडे करून बसायचं. पाठ दाराकडे केली तर मान मागे खेचली जाते, नस बाहेर पडायची वाट आणखी अरुंद होते आणि मग लोक म्हणतात, ट्रॅक्शनने वाढलं! मान किंचित पुढे झुकलेली, वजन साधारण साडेतीन ते साडेपाच किलो, वेळ पंधरा मिनिटं. पहिली बैठक फिजिओसमोरच करा. पट्ट्याचा भार हनुवटीवर नको, डोक्याच्या मागच्या हाडावर हवा. नाहीतर जबडा दुखतो. हाडं ठिसूळ असतील, संधिवात मानेत उतरला असेल किंवा मज्जारज्जूवर दाब असेल तर ट्रॅक्शन अजिबात नाही.

व्यायामात हनुवटी सरळ मागे ओढायची, वर-खाली न करता. पाच सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. करताना बोटांतली कळ दंडाकडे, मग मानेकडे सरकली तर मान थोडी जास्त दुखली तरी चालू ठेवा, ते सुधारणेचं लक्षण. कळ बोटांकडे गेली तर थांबा. आणि कडकन मान मोडून घेणं नको. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद. ताकद दोन्हीकडे सारखीच वाटतेय. पण रात्री आडवं झालं की कळ सहन होत नाही. आणि इंजेक्शन मग कधी?

प्रतिसाद १
उजवा तळवा डोक्यावर ठेवून बघा. नसेवरचा ताण सैल होतो. त्याने आराम पडला तर दुखणं मानेतूनच येतंय यालाही दुजोरा मिळतो. पोटावर झोपू नका. कुशीवर झोपताना उशी खांदा आणि कान यांमधलं अंतर भरेल एवढीच जाड.

प्रतिसाद ३
सहा आठवडे नीट उपचार करूनही झोप, काम होत नसेल तर इंजेक्शन. मानेत ते एक्स-रे यंत्राखाली बघूनच देतात. नसेच्या वाटेतून द्यायचं असेल तर डेक्सामेथासोन, म्हणजे कण नसलेलं स्टिरॉइड, वापरणार का, हे आवर्जून विचारा. कण असलेलं स्टिरॉइड चुकून धमनीत गेलं तर पक्षाघात होऊ शकतो. इंजेक्शनने कळ काही काळ कमी होते, गादी जागेवर जात नाही. त्या अवधीत व्यायाम पुढे रेटायचा असतो.

ऑपरेशनचा विचार ताकद कमी होत चालली असेल तर, किंवा सहा ते बारा आठवड्यांनंतरही कळ तशीच असेल तर. गादी काढून मणके जोडणं, कृत्रिम गादी बसवणं, किंवा मागून नसेची वाट मोकळी करणं असे तीन मार्ग आहेत. मणके जोडल्यावर शेजारच्या गाद्यांवर ताण वाढतो, म्हणून बाकी मणके चांगले असतील तर बाकीच्या दोन मार्गांबद्दलही विचारा.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं: यांपैकी काहीही दिसलं तर सहा आठवडे वगैरे विसरा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर असू शकतो.