ऑर्डर टाइप किती ठेवावेत? यादी २३ वर गेलीय, सल्ला हवा

चाकण_पीपीसी
नमस्कार मंडळी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. एक्सेल सोडून आम्ही एसएपीवर (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) जातोय. बैठकीत प्रत्येक खात्याने आपापला ऑर्डर टाइप मागितला: अर्जंट, सॅम्पल, रीवर्क, एक्सपोर्ट, स्पेअर, प्लेटिंग... २३ झाले. कन्सल्टंट म्हणतो, आधी कॅटेगरी समजून घ्या. दोन्हींत फरक काय? सोमवारी यादी द्यायची आहे.

भोसरीचा_प्लॅनर
ताई, कॅटेगरी एसएपीने ठरवलेली असते, तिला आपण हात लावू शकत नाही. प्रॉडक्शन ऑर्डर १०, मेंटेनन्स ३०, प्रोसेस ऑर्डर ४०. सिस्टीम त्या ऑर्डरला काय समजते, ते कॅटेगरी सांगते. टाइप आपण तिच्याखाली बनवतो. नंबर कोणते पडणार, खर्च कुठे जाणार, हे टाइपवरून ठरतं.

मी प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारतो: याने हिशेब किंवा कामाची पद्धत बदलते का? रीवर्कचा खर्च वेगळा दिसायलाच हवा, सॅम्पलचा खर्च डेव्हलपमेंटवर जातो. हे दोन द्या. एक्सपोर्टचा माल त्याच मशीनवर, त्याच रूटिंगने (कामाच्या टप्प्यांच्या क्रमाने) बनतो. तो फरक सेल्स ऑर्डरमध्ये राहू द्या. आणि ‘अर्जंट’ तर अजिबात देऊ नका. अर्जंटपणा चार दिवसांत ओसरतो, पण एकदा उघडलेल्या ऑर्डरचा टाइप बदलता येत नाही. त्यासाठी प्रायॉरिटीची जागा आहे.

खरेदी_खिडकी
प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट बाहेर जात असेल तर त्याला प्रॉडक्शनचा टाइप करू नका. सबकॉन्ट्रॅक्टिंगची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढा, आयटम कॅटेगरी एल. माल वेंडरकडे गेला तरी स्टॉक आपल्याच नावावर दिसतो. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल १ वर्षाच्या आत परत यावा लागतो, तेव्हा चलन आणि पीओ जुळलेलं असेल तर जीव वाचतो.

भोसरीचा_प्लॅनर
अगदी बरोबर. आणखी एक, टाइपपेक्षाही महत्त्वाचं. प्लॅन्ड ऑर्डर हा फक्त प्रस्ताव असतो. फर्म (पक्की) केली नसेल तर पुढच्या एमआरपी रनमध्ये (मालाची गरज काढणाऱ्या हिशेबात) ती हलते किंवा गायब होते. ती बघून वेंडरला तारीख देऊ नका.

उलट बाजूही आहे. ५०० ची ऑर्डर, ४८८ नग झाले, १२ रिजेक्ट कुणी नोंदलेच नाहीत. सिस्टीमला वाटतं ते १२ अजून यायचे आहेत. आमच्याकडे अशा कित्येक ऑर्डर साचल्या, एमडी०४ मध्ये (स्टॉक आणि गरज दाखवणारी स्क्रीन) पुरवठा भरपूर दिसला, नवी ऑर्डर पडलीच नाही आणि ग्राहकाची गाडी दारात उभी राहिली. तेव्हापासून दर शनिवारी मी जुन्या ऑर्डर टेको (तांत्रिकदृष्ट्या बंद) करतो. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून कराच, नंतर साफसफाई फार जड जाते.

चाकण_पीपीसी
खूप आभार! साधी, रीवर्क, सॅम्पल, एवढ्यावर आले. स्पेअरचं काय करू? पार्ट तोच, पण पाकिटात घालून, लेबल लावून जातो.

भोसरीचा_प्लॅनर
पाकीट आणि लेबल वेगळं म्हणजे बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी) वेगळा. त्याला वेगळा मटेरियल कोड द्या, ऑर्डर साधीच चालेल.