सहलीत पार्कातलं काउंटरचं जेवण लेकरांना द्यावं का? अनुभव सांगा

शाळेतली_ताई
नमस्कार सगळ्यांना. मी केळापूर तालुक्यात हायस्कूलवर शिकवते. जानेवारीत आठवी-नववीची सहल हैदराबादले काढून राहिलो, पांढरकवड्याहून आदिलाबाद, निर्मल करत जाऊ, एक दिवस रामोजी फिल्म सिटी अन् एक दिवस झुल्यांचा पार्क. 42 लेकरं अन् आम्ही पाच जण. गाडी, मुक्काम सगळं जमलं, जीव अडकला तो दुपारच्या जेवणात.

मागच्या वर्षी एका पार्कात गेलो होतो, नाव घेत नाही. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून गेटवर आमच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा सगळं ठेवून घेतलं. आत दीड वाजता काउंटरले ही लाइन! तासभर उभं राहून हातात काय आलं तर फ्राइड राइस, वरून कोमट अन् चमचा घातला तर मधात थंडगार गोळा, अन् सोबत बर्गर, त्याची टिक्की रबरासारखी वाकत होती. 260 रुपये प्लेट. एक पोरगी अर्धा बर्गर कागदात गुंडाळून दप्तरात ठेवत होती, मी विचारलं तं म्हणे मॅडम लहान्या भावासाठी नेते, त्यानं कधी खाल्ला नाही. मले तिले नको म्हणता आलं नाही, अन् तो शिळा बर्गर घरी जाऊ द्यायचाही नव्हता. शेवटी मी तिच्या भावासाठी बिस्किटचे पुडे घेऊन दिले. रात्री गाडीत तिघांना उलट्या झाल्या, रात्रभर डोळ्याले डोळा नाही.

अशा ठिकाणचं जेवण चांगलं राहूच शकत नाही का, का आम्हीच चुकीचं घेतलं? काय घ्यावं, काय टाळावं, ज्याले माहीत आहे त्यानं नक्की सांगा.

आर्वीचा_कुक
ताई, साडेतीन वर्षं एका पार्कात काउंटरच्या मागं उभा होतो, आता गावाकडं माझी खानावळ आहे, म्हणून आतलं सांगतो.

बहुतेक काउंटरमागं स्वयंपाकघर नसतेच. एक मोठं किचन असते, तिथं सकाळी सात-आठलाच ग्रेव्ही, भात, उकडलेले नूडल्स तयार होतात अन् ट्रॉलीवर काउंटरले येतात. काउंटरवर फक्त गरम ठेवायचं अन् वाढायचं. खाली गरम पाणी, वर स्टीलचे डब्बे, त्याले बेनमेरी म्हणतात. गरम जेवण 60 डिग्रीच्या वर राहिलं पाहिजे असा नियम आहे अन् अकरा वाजता ते राहतेच. खरी गोची एकच्या पुढं होते, गर्दी अंगावर येते, पाणी आटते, झाकण उघडं राहते, अन् एक डब्बा संपायच्या आत दुसरा आणून त्यातच ओततात, मंग खालचा सकाळचा माल खालीच राहते. तुमच्या प्लेटमधला थंड गोळा तोच असंल.

अन् भाताचं नीट ऐका. शिजवलेला भात बाहेर तसाच राहिला का त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढते, त्याचं विष पुन्हा परतलं तरी जात नाही, अन् खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. तुमच्या लेकरांना त्यानंच झालं असं मी इथून म्हणत नाही, पण सहलीत फ्राइड राइस मी तरी घेऊ देणार नाही.

घ्यायचं काय, तर जे डोळ्यासमोर तव्यावर होते ते. डोसा, उत्तप्पा, तव्यावरची पावभाजी, वाफेतून निघालेली इडली. हैदराबादकडं हे काउंटर सापडतेच, लाइन जरा जास्त असते पण थांबा. तळलेलं घ्यायचं असंल तर आधी कढईकडं पाहा. तेल काळं, घट्ट झालं अन् फेस खाली बसतच नसंल तर पुढं चला. जुलै 2018 पासून नियम आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात बनणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले का ते तेल फेकायचं. चांगल्या ठिकाणी मोजायचं मीटर असते, मी स्वतः मोजलं आहे, अन् नको तिथं तेच तेल दोन दिवस ओढतानाही पाहिलं आहे.

मागं राबणारे पोट्टे वाईट नसतात हेही सांगतो. दहा-दहा तास उभे असतात, किती प्लेटा निघाल्या याचाच हिशोब त्यांना विचारते मालक, चवीचा कोणी विचारत नाही.

कापूसवाला_भौ
मले तं त्या गेटचाच राग येते. माय पहाटे चार वाजता उठून दशम्या करते, त्या दोन दिवस खराब होत नाहीत, अन् त्या ठेवून घेऊन लेकराले 260 चा थंडा भात. अन् पाण्याची बाटली छापील किमतीच्या वर. मी पोरीच्या सहलीसोबत गेलो होतो तेव्हा भांडलो, तं तिथला माणूस म्हणे कोर्टाचा निकाल आहे. घरी येऊन वाचलं, खरंच 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं हॉटेल-रेस्टॉरंटले बाटलीबंद पाण्याचे एमआरपीपेक्षा जास्त घ्यायची मोकळीक दिली, कारण तिथं जागा, वाढणं अशी सेवा असते. मान्य. पण खिडकीतून बाटली सरकवली अन् आम्ही उन्हात उभं राहून प्यालो यात कोणती सेवा झाली?

गर्दी होती म्हणून जेवण बिघडलं हे तं मी ऐकूनच घेणार नाही. शेगावले जाऊन पाहा, पंगतीवर पंगती उठतात, ताट स्वच्छ, वरण गरम, अन् सेवेकरी वाकून वाढते. तिथं पैसे घेत नाहीत, इथं तिकीट काढूनही हे हाल. 2020 मध्ये शिवभोजन थाळी सुरू झाली ती 10 रुपयात होती, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. पार्कवाल्यानं 100 रुपयात चून-भाकर अन् ठेचा ठेवला तर आपल्याकडचे लोक लाइन लावतील. भाकर गार झाली तरी खाता येते, बर्गर नाही.

हिंगणघाटची_सून
माझे दीर फ्लोरिडाले असतात, 2023 मध्ये आम्ही तिथलं डिस्ने पाहिलं म्हणून लिहिते. तिथं बसून जेवायचे हॉटेल वेगळे अन् काउंटरवरून पटकन घ्यायचे वेगळे, त्याले ते क्विक सर्व्हिस म्हणतात. मले सगळ्यात जास्त काय आवडलं असंल तर घरून आणलेलं आत नेऊ देतात. काचेची बाटली अन् दारू चालत नाही, बाकी चालते. मी थेपले नेले होते, बॅग तपासली अन् जाऊ दिलं. काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला का फुकट देतात. अन् मोबाइलवरच ऑर्डर करायची सोय आहे, 2017 पासून सुरू आहे म्हणे, वेळ निवडायची अन् तयार झालं का मेसेज येते, म्हणजे तुमचं जेवण तुमच्यासाठी त्याच वेळी बनते, डब्ब्यात वाट पाहत बसत नाही. वर कुकदादा म्हणतात ना ते वाट पाहण्याचं, तेच तिथं कमी केलं आहे.

सगळंच गोड नव्हतं, हेही सांगते. शाकाहारी माणसाले पर्याय कमी, महाग तं आहेच, अन् दोन ठिकाणी फ्राइज गार मिळाल्या. पण परत नेल्या तं एक शब्द न बोलता नवीन दिल्या. आपल्याकडं परत न्यायलाच आपण लाजतो. ताई, यावेळी गार मिळालं तर लेकरांसमोर परत करा, त्यांनाही कळू द्या का हे करता येते.

शाळेतली_ताई
सगळ्यांचे खूप आभार, कुकदादांचं वाचून तं मागचं सगळं डोळ्यासमोर आलं. आम्ही फ्राइड राइसच घेतला होता कारण तो सगळ्यात लवकर मिळत होता. लवकर काऊन मिळत होता ते आता समजलं.

आज पार्कच्या ऑफिसले फोन केला. दशम्या आत चालणार नाहीत म्हणाले, पण शाळेच्या ग्रुपले आधी सांगितलं तर वेगळी वेळ देऊन एकत्र जेवण लावतात. साडेअकराची वेळ मागून ठेवली. मेन्यूत पोळी, भाजी, डाळ, भात आहे. भाताचं काय करू? अन् खराब निघालंच तर तक्रार कोणाकडं?

आर्वीचा_कुक
साडेअकराची वेळ एकदम बरोबर मागितली. भात घ्या, पण आजच शिजवलेला, वाफ निघणारा. झाकण उघडल्यावर वाफ नसंल तर वाढूच देऊ नका, तिथल्या सुपरवायझरले बोलवा. लेकरांच्या आधी तुम्ही दोघं-तिघं मॅडम पातेल्याच्या तळातून चमचा घालून पाहा, वरून नाही.

बिल मागाच. 1 जानेवारी 2022 पासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, 14 अंकी नंबर छापणं सक्तीचं आहे, तक्रारीत तोच लागते. त्यांच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार फोटोसकट टाकता येते, अन् ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

अन् दशम्या गाडीत राहू द्या. सकाळी गेटच्या बाहेर पोटभर खाऊ घाला अन् मंगच आत न्या, लेकरू भरल्या पोटी गेलं का काउंटरकडं घाईनं धावत नाही.

शाळेतली_ताई
हे आम्हाले सुचलंच नव्हतं. पार्किंगमध्येच चटया टाकून बसवते सगळ्यांना. त्या पोरीच्या मायले सांगते, भावालेही दोन दशम्या घरी ठेवजा म्हणून.